तुझी आठ मिनिटं आणि माझी यादी

श्रावस्ती, तुझा फ्लेक्स लागला.

दौंड स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे 'लोकशाहीर कुमारी श्रावस्ती' आणि खाली शोकाकुलांचे गोल गोल फोटो. त्यातल्या निम्म्यांनी तुला कधी पाहिलेलं नाही आणि उरलेल्यांनी कधी ऐकलेलं नाही. तुझा फोटो शाळेच्या गॅदरिंगमधला निवडलाय, नऊवारी आणि नथ. पुढं तू कानामागं मशीन फिरवून केस भादरलेस, ते या फोटोत दिसत नाहीत, म्हणून हा फोटो. सतरा वर्षांच्या पोरीला मेल्यावर तरी एकदाची नीट नेसवली, असं समाधान त्या फ्लेक्सभर पसरलंय.

शाहीर म्हणे. तू डफ हातात धरला नाहीस. पोवाडा म्हटला नाहीस. तुझ्या गाण्यांत अर्धा वेळ शब्दच नसायचे. फोनमध्ये पकडलेले आवाज तू एकावर एक रचायचीस आणि त्यांच्या फटीतून तुझा तो बसका आवाज यायचा, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. त्याला काय म्हणायचं ते मला आजही माहीत नाही. पण शाहिरी म्हणायचं नाही, एवढं तू मला तीनदा बजावलं होतंस.

आणि शिव्या घालायच्याच तर मला घाल. 'लोकशाहीर' हा शब्द माझा. ट्रॉल्यांना रेडियम लावायच्या कार्यक्रमाच्या पत्रकात मी तो तुझ्या नावापुढं छापला होता, तुला न विचारता. फ्लेक्सचा मजकूर करताना आमच्या संघटनेच्या दादांनी तिथूनच उचलला.

असल्याच आधीच्या एका पत्रकामुळं तर आपली ओळख. आम्ही चौघं-पाचजण शिरूरच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून पत्रकांच्या घड्या घालत होतो. उसाच्या ट्रॉल्यांना मागून रेडियम लावा, नाहीतर धुक्यात उभी ट्रॉली दिसत नाही, दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरचं माणूस तिच्यात जाऊन धडकतं, असा सगळा मजकूर. तू समोर येऊन उभी राहिलीस, दप्तर पोटाशी, फोन पुढं केलेला.

"ताई, जरा सगळे गप बसता का?"

मला वाटलं मुलाखत घेतेय. मी लगेच घसा साफ केला.

"न्हाई न्हाई, तुम्ही बोलू नका. कागदाचा आवाज पायजे. घडी घालताना नख फिरवा जरा, जोरात."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सांगत होतं की तुझ्या मजकुराशी मला कर्तव्य नाही, तुझा कागद चांगला वाजतो. मला राग आला. पण मी नख फिरवलं. त्या दिवसापासून तू मला पत्रकताई म्हणायला लागलीस, आणि पुढं तर नुसतंच पत्रक. "काय पत्रक, आज कुणाच्या विरोधात?"

तुझं ऐकणं कुठून आलं ते मला आप्पांना भेटल्यावर कळलं. तुझे वडील रेल्वेत कीमॅन. रोज रुळांवरनं मैलोन् मैल चालायचं, हातोडीनं ठोकायचं, आवाजावरून ओळखायचं कुठं ढिलं झालंय. तुमच्या दौंडच्या क्वार्टरच्या ओट्यावर चहा पिताना ते मला म्हणाले होते, "लोखंड खोटं बोलत न्हाई. ढिलं आसलं की सांगतंच. ऐकणारा पायजे." तू आतून ओरडलीस, "आप्पा, हे पत्रकात छापतील हां त्या!" आणि मी खरंच वहीत लिहून घेत होते.

तू मला प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला नेऊन डोळे मिटायला लावलेस, तो दिवस आठवतो? "डेमू आधी रुळात येती, मग कानात येती," तू म्हणालीस. मी उभी. काही ऐकू येईना. तू म्हणालीस, "तुम्ही ऐकत न्हाई, तुम्ही आपला नंबर कवा येतोय त्याची वाट बघताय. सभेत बसल्यासारखं." मी चिडले. पण मग आली ती. बारीक, सुईच्या टोकासारखी, लांबून. ते तुझं देणं. माझ्याकडं तेवढंच शिल्लक आहे, आणि त्याचा उपयोग मी वेळेवर केला नाही.

आणखी एक सांगितलं होतंस. "भाषणात खोटं बोलताना तुमचा आवाज नाकात जातो." तेव्हापासून मी माईकसमोर उभी राहिले की आधी नाकाला घाबरते.

शिरूरच्या बायपासजवळचा तो गाळा. पूर्वी जिम होती तिथं. जवळच्या कंपन्यांत कामाला असलेल्या पोरांनी, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून, त्याचं स्टेज केलं होतं, रविवार दुपारपुरतं. पत्रा तापलेला, पंखा एक, आणि तोही वाजतो म्हणून तू बंद करायला लावलास. ऐकायला वीसेक माणसं असतील. एक बिहारी वेल्डर फाटक्या गळ्यानं काहीतरी फार सुंदर ओरडला. मग तू बसलीस. रुळावरची हातोडी, आमच्या कागदाची घडी, कसलीशी मोटर, आणि मधे तू. पंधरा मिनिटांनी लोकांना कळेना टाळ्या वाजवायच्या की संपलं नाही अजून.

पुण्याहून आलेला एक चष्मेवाला तुझ्याकडं आला. पुण्यात असल्या गाण्यांचे तळघरातले कार्यक्रम तो करायचा. म्हणाला, "भारी आहे. पण तू तुझ्या मातीतलं काहीतरी आण ना यात. ओव्या, किंवा तुमची ती भीमगीतं. ते फार रॉ वाटेल."

"आमच्याकडं माती न्हाई दादा," तू म्हणालीस, "खडी हाय. रेल्वेची."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "भीमगीतं मी विहारात म्हणते, आईच्या शेजारी बसून. ती घरातली हायती. ह्याच्या शोकेसला द्यायला न्हाईत." मी तुझ्या पाठीवर थाप मारली, क्रांतिकारक वगैरे म्हणाले. आणि चहाच्या गाड्यावर पोचेपर्यंत मीच तुला म्हटलं, "पण श्रावस्ती, लोकांना कळेल असं काहीतरी करायला हवं तू."

तू कप गाड्यावर ठेवलास. "तो म्हणतो मातीतलं कर. तुम्ही म्हणता लोकांचं कर. कुणाच्या ताटात वाढायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा, मग मला सांगा."

मी ठरवलंच. मी तुझ्या मागे लागून, फोन करकरून, 'उजेड लावा' करून घेतलं. चार कडवी, यमकं, धरायला सोपं ध्रुपद. एका संध्याकाळीत केलंस. सभेत लोकांनी ताल धरला, दादांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तू खाली उतरून माझ्या कानात म्हणालीस, "हे गाणं न्हाई, पत्रक. तुमच्या मजकुराला मी चाल लावलीय. नीट नख फिरवून." मी म्हटलं, "लोक ऐकतायत ना?" तू म्हणालीस, "वाजवतायत."

त्यानंतर महिन्याभरानं तू मला ती फाइल पाठवलीस. आठ मिनिटांची.

मांडवगण फराट्याला तुझा मामा, उसाच्या ट्रॅक्टरवर. त्याच्याबरोबर तू दोन दिवस साखर कारखान्याच्या यार्डात जाऊन बसली होतीस. बाकीचे ट्रॅक्टरवाले गाण्यांचा डेक फुल ठेवून फिरतात, आणि तू म्हणे मामाला सांगितलंस डेक बंद कर, मला तुझी ट्रॉली ऐकायचीय. मामा सगळ्या यार्डाला सांगत सुटला, "भाचीला ट्रॉलीचं गाणं करायचंय! उद्या वजनकाट्यावर नाव लिवायचं, गायिका!"

मी फाइल लावली. साखळी. लोखंडावर लोखंड. कुणीतरी लांबून ओरडतंय. पुन्हा साखळी. एक मिनिट ऐकलं असेल. बंद केली आणि तुला लिहिलं, 'यात मुद्दा काय?'

तुझं उत्तर आलं, 'पूर्ण ऐका.'

मी ऐकलं नाही. मला रेडियमच्या कार्यक्रमाची घाई होती.

तो कार्यक्रम आता इथं लिहायलाच हवा. कारखान्यानं यार्डात परवानगी दिली, एक संचालक साहेब हजर राहणार असं ठरलं. रेडियमच्या पट्ट्या कमी पडत होत्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, आणि आमच्याकडं जेमतेम एकीला पुरतील एवढ्याच. तेव्हा मी बसून यादी केली. ट्रॅक्टरचा नंबर, चालकाचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येकासमोर माझ्या अक्षरात: मागची ट्रॉली. मागून येणाऱ्याला मागचीच दिसणार ना? पुढचीला लावून काय उपयोग? इतकं बिनतोड वाटलं मला. संचालक साहेबांनी पहिली पट्टी लावली, फोटो निघाला, स्पीकरवर 'उजेड लावा' वाजलं. प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात संघटनेचं नाव छापलेलं होतं. ती कल्पनाही माझीच. तू त्या दिवशी नव्हतीस, बारावीची पूर्वपरीक्षा चालू होती.

मग ती सकाळ. तू मामाकडं राहिली होतीस आणि प्रॅक्टिकलसाठी त्याच्या स्कूटीवरून दौंडला निघालीस. नदीकाठचं धुकं. रस्त्याकडेला कुणा दुसऱ्याच ट्रॅक्टरवाल्याच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या, उसानं भरलेल्या. टायर बसलेला, चालक ट्रॅक्टर सोडवून पंक्चरवाल्याकडं गेलेला. मागं दगड नाही, फांदी नाही. तू मागच्या ट्रॉलीत गेलीस.

त्यानंतर दोन दिवस लोक काय बोलत होते ते तुला सांगते, कारण तुला लोकांचे आवाज गोळा करायला आवडायचं. "लायसन नव्हतं म्हणं." "आजकालच्या पोरी." "कानात हेडफोन घालून गाडी चालवतात, मग काय व्हनार?" पेपरात पण तेच आलं, हेडफोनचं. कुणी विचारलं नाही, कुणी पाहिलं नाही, पण गाणारी पोरगी म्हटल्यावर कानात हेडफोन असणारच! लायसन नव्हतं, हे खरं. ते मी लपवणार नाही. हेडफोन दप्तरात होते, कंपासपेटीत, वायर गुंडाळून रबर लावलेलं. बाजूला प्रॅक्टिकलचं जर्नल, तपकिरी कव्हर घातलेलं. आप्पांनी दप्तर उघडून मला दाखवलं. तू रस्त्यावर कधीच कान झाकायची नाहीस. "रस्ता ऐकायचा असतो," म्हणायचीस. आख्ख्या पंचक्रोशीत कान उघडे ठेवून गाडी चालवणारी तू एकटी असशील. पण उभ्या ट्रॉलीला आवाज नसतो, श्रावस्ती. तेवढी एकच गोष्ट तुला ऐकू येण्यासारखी नव्हती. ती दिसायला हवी होती, आणि ते काम आमचं होतं.

त्याच सकाळी मी तिथं गेले तेव्हा रागानं फुलले होते. कुठल्या चालकानं आमची पट्टी काढून फेकली, ते बघायलाच गेले होते. पत्रकाचं पहिलं वाक्य तयार होतं डोक्यात. मागच्या ट्रॉलीवर पट्टी नव्हती. मी फोटो काढले. तुझा मामा तिथंच रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता.

"पट्टी कुणी काढली, मामा?"

"कुणी न्हाई काढली."

"मग कुठं गेली?"

त्यानं मानेनंच दाखवलं. मी दोन ट्रॉल्यांच्या मधे वाकून पाहिलं. पुढच्या ट्रॉलीच्या पाठीवर पट्टी होती. लाल, कोरी, धूळसुद्धा न बसलेली, मागच्या ट्रॉलीच्या उसाकडं तोंड करून. कोपऱ्यात आमचं नाव.

"ट्रॉल्या काय जन्मभर एकाच जागी ऱ्हात्यात व्हय?" मामा म्हणाला. तो माझ्याकडं बघत नव्हता. "फडात जी आधी भरंल ती पुढं जोडायची. यार्डात रिकामी हुईल तशी पुन्यांदा पिन काढायची. आज मागं, उद्या पुढं. हे काय इचारायचं आसतं का कुणाला? कुणीबी सांगितलं आसतं."

"तुम्ही का नाही सांगितलं, मामा?"

"तुमी इचारलं कुठं? यादी घिऊन आला. सायेब बरुबर. फोटू चालला हुता."

दर हंगामात ट्रॉल्यांवर पत्रकं काढणाऱ्या आमच्यापैकी एकानंही कधी ट्रॉली जोडताना पाहिली नव्हती. पाहिली होती ती फक्त तू.

त्या दुपारी मी फाइल पूर्ण ऐकली. पिन निघते, पिन पडते. साखळी. ट्रॅक्टर मागं येतो, दांडी आपटते. आणि लांबून कुणीतरी ओरडतंय, तोच आवाज जो मी पहिल्या मिनिटात ऐकून सोडून दिला होता: "मागची पुढं घे रं! पुढची ऱ्हाऊ दे मागं!" तू तो तुकडा घेऊन फिरवत नेलायस, एकदा, दोनदा, इतका की त्याचा ताल होतो. मग तू स्वतः येतेस, खालच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजत. मागची पुढं, पुढची मागं. शेवटची दोन मिनिटं दुसरं काही नाही.

तुला ते मला सांगायचं होतं का? की तुला फक्त त्या शब्दांचा ताल आवडला होता? मी हजारदा विचार केला. तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "पत्रक, सगळ्यातनं मुद्दा कशाला काढता?" बरं. नाही काढत. पण मला जे माहीत असायला हवं होतं ते सगळं त्या आठ मिनिटांत होतं, आणि मी सात मिनिटं वाचवली.

मी दादांना सगळं सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "हे बाहेर काढू नकोस. कारखान्याच्या हातात आयतं कोलीत मिळेल. मोहिमेचं नाव खराब होईल. शोकसभेत 'उजेड लावा' लावू, मागण्या मांडू." आणि मला लाज वाटते सांगायला, एक रात्रभर मला ते पटलं होतं. कारखान्याची जबाबदारी आहेच. चालकानं मागं फांदी टाकायला हवी होती, हे आहेच. त्या गर्दीत आमची एक यादी सहज खपून गेली असती.

शोकसभा मांडवगणच्या चौकात झाली. संचालक साहेब पहिल्या रांगेत. मामानं ट्रॅक्टर मंडपाला लागून उभा केला होता, मी सांगितलं होतं म्हणून. 'उजेड लावा' लावायची वेळ आली तेव्हा मी फोन मामाच्या डेकला जोडला आणि तुझी आठ मिनिटं लावली.

तिसऱ्या मिनिटाला खुर्च्या सरकायला लागल्या. साहेब घड्याळ बघत उठले. दादा माझ्याकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं बघत नव्हते. मंडपाबाहेर ट्रॅक्टरवाले उभे होते, मळके शर्ट, डोक्याला टॉवेल. "मागची पुढं घे रं!" स्पष्ट ऐकू आलं आणि ते हसले. एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "आरं, तुझाच आवाज की ह्यो!" तो लाजला. मग तू कुजबुजायला लागलीस, मागची पुढं, पुढची मागं, आणि त्यांचं हसू एकेकाच्या तोंडावरनं गेलं. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ज्याचा आवाज होता त्यानं टॉवेल सोडून तोंडावर धरला.

मग मी उठले आणि म्हटलं, मागची ट्रॉली असं लिहिलेली यादी मी केली होती. पट्ट्या कमी होत्या म्हणून नाही, मी कुणाला विचारलं नाही म्हणून हे झालं. प्रत्येक ट्रॉलीला मागून पट्टी पाहिजे, पहिली आणि शेवटची असं काही नसतं. आणि हेडफोन कंपासपेटीत होते.

बोलताना माझा आवाज नाकात गेला का, ते मला कळलं नाही. आप्पांना विचारावंसं वाटलं, पण ते डेककडं बघत बसले होते.

त्यानं काय झालं? फार काही नाही. दादा माझ्याशी बोलत नाहीत. कारखान्यानं म्हटलं की संघटनेनंच चूक कबूल केली आहे. मामा आणि आणखी काही ट्रॅक्टरवाले यार्डात आपल्या आपल्या पट्ट्या लावतायत, दोन्ही ट्रॉल्यांना, फोटोशिवाय. आणि हे लिहून संपेपर्यंत, आज, तुझ्या फ्लेक्सवर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. नथीची कड तेवढी खालून दिसते.

आपलं भांडण मात्र मिटलेलं नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला जिंकवून टाकणं फार सोपं, आणि तुला ते आवडलंही नसतं. मी ती फाइल आज पुन्हा लावली, प्लॅटफॉर्मच्या त्याच टोकाला उभी राहून. पाचव्या मिनिटाला ते लांबतं, श्रावस्ती. साखळी दोनदा कमी वाजली असती तरी चाललं असतं. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

पण संपेपर्यंत मी जागची हलले नाही.